काळोखाचे छायाचित्रकार : एडवर्ड एमर्सन बर्नार्ड

ताऱ्यांकडे पाहणारे लोक सर्व काळी आणि सर्व देशांत होऊन गेले. परंतु दोन ताऱ्यांमधल्या काळोखाकडे वर्षानुवर्षे टक लावून बसलेला माणूस विरळाच. आकाशगंगेच्या रुपेरी पट्ट्यात जागोजागी शाई सांडल्यासारखे काळे डाग दिसतात. ते डाग म्हणजे काय, या एका प्रश्नाचा ज्यांनी तीस वर्षे पाठपुरावा केला, त्या एडवर्ड एमर्सन बर्नार्ड या अमेरिकन ज्योतिर्विदाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत. आज आपणांस ठाऊक आहे की, त्या काळ्या डागांच्या पोटातच तारे जन्म घेतात. आपला सूर्यदेखील अशाच एखाद्या अंधाऱ्या मेघातून बाहेर आला. या ज्ञानाचा पाया ज्यांनी घातला त्यांच्या वाट्याला बालपणी शाळा आली ती अवघी दोन महिने, ही गोष्ट आमच्या विद्यार्थिमित्रांनी आरंभीच ध्यानात घ्यावी.

बर्नार्ड यांचा जन्म १६ डिसेंबर १८५७ रोजी अमेरिकेतील टेनेसी राज्यात नॅशव्हिल या गावी झाला. पुत्राचे मुख पाहण्यापूर्वीच पित्याने इहलोक सोडला होता. आई मेणाची फुले करून विकी आणि त्या तुटपुंज्या मिळकतीवर आपला व मुलांचा चरितार्थ चालवी. एडवर्ड चार वर्षांचा होतो न होतो तोच उत्तर व दक्षिण अमेरिकेतील यादवी युद्ध पेटले. नॅशव्हिल शहर सैन्याच्या ताब्यात गेले आणि १८६४ च्या डिसेंबरात तर शहराच्या वेशीवरच मोठी लढाई झाली. युद्धापाठोपाठ उपासमार आली, रोगराई आली. पटकीच्या साथीत एडवर्ड सापडला आणि जेमतेम वाचला. अशा परिस्थितीत शाळा कोठली? अक्षरओळख आईनेच करून दिली. उन्हाळ्याच्या रात्री अंगणातल्या एका मोडक्या गाडीत उताणा पडून तो तारे न्याहाळीत असे. डोक्यावर येणारा एक तेजस्वी शुभ्र तारा त्याच्या विशेष ओळखीचा झाला होता; मात्र त्या ताऱ्याला काही नाव असते, हे त्याला सांगणारे कोणी नव्हते.

वयाच्या नवव्या वर्षी आईने त्याला एका छायाचित्रकाराच्या दुकानी कामास लाविले. त्या काळी विजेचे दिवे नव्हते. लहान छायाचित्रावरून मोठे चित्र करावयाचे तर सूर्याचाच प्रकाश वापरावा लागे. त्यासाठी दुकानाच्या गच्चीवर एक अजस्र यंत्र बसविलेले होते. सूर्य जसजसा सरकेल तसतसे ते यंत्र हाताने फिरवीत ठेवावयाचे, जेणेकरून किरण नेमके भिंगातूनच आत जावेत, एवढेच एडवर्डचे काम. सांगावयास काम सोपे. पण तासन् तास उन्हात उभे राहून डोळ्यांत तेल घालून ते करणे भल्याभल्यांना जमेना. त्याच्या आधी ठेवलेली मुले पेंगत आणि काम बिघडे. हा पोरगा पेंगला नाही. त्या यंत्राला दुकानात ज्युपिटर, म्हणजे गुरू, असे नाव दिलेले होते. योगायोग असा की, पुढे गुरू ग्रहानेच या मुलाचे नाव जगभर नेले. त्या दुकानात त्याने सुमारे सतरा वर्षे काढली. भिंगे, काचा, रसायने यांचे ज्ञान त्याला मिळाले ते तेथेच. आणि सरकत्या प्रकाशावरून क्षणभरही नजर ढळू न देण्याची सवय लागली तीही तेथेच.

१८७६ साली एक क्षुल्लक घटना घडली. एका ओळखीच्या मनुष्याने एडवर्डकडून दोन डॉलर उसने घेतले आणि तारण म्हणून एक पुस्तक ठेविले. पैसे परत आलेच नाहीत. दोन डॉलर ही त्या गरीब तरुणाच्या दृष्टीने लहान रक्कम नव्हती. पुस्तक नाइलाजानेच त्याने उघडले. ते टॉमस डिक या स्कॉटिश लेखकाचे ज्योतिषविषयक पुस्तक होते आणि त्यात ताऱ्यांचे नकाशे होते. त्या रात्री खिडकीशी उभे राहून त्याने नकाशा आकाशाशी ताडून पाहिला, तेव्हा मोडक्या गाडीतून पाहिलेल्या त्या शुभ्र ताऱ्याचे नाव त्याला प्रथम कळले. आपण ज्याला अभिजित म्हणतो तोच तो तारा. बुडालेल्या कर्जाने इतके व्याज क्वचितच कोणाला दिले असेल.

पुढल्याच वर्षी एडवर्डने पाच इंची दुर्बीण विकत घेतली. तिची किंमत तीनशे ऐंशी डॉलर होती. त्याच्या वर्षाच्या कमाईचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग तीत गेला. त्याच वर्षी अमेरिकेतील विज्ञान परिषदेचे अधिवेशन नॅशव्हिल येथे भरले आणि त्यासाठी सायमन न्यूकम हे विख्यात ज्योतिर्गणिती आले. मोठ्या आशेने एडवर्ड त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. न्यूकम यांनी त्याला स्पष्टच सांगितले की, गणित येत नसेल तर दुर्बिणीचा उपयोग नाही. आधी गणित शिकावे. फार तर धूमकेतू शोधण्याचे काम त्याच्यासारख्याला करता येईल, असेही ते म्हणाले. एकोणीस वर्षांचा तो तरुण बाहेर येऊन एका खांबाआड रडला. तथापि रडून झाल्यावर त्याने दोन्ही उपदेश अक्षरशः पाळले. पोटाला चिमटा घेऊन त्याने गणिताचा शिक्षक ठेविला आणि रात्री धूमकेतूंचा शोध आरंभिला.

१८८१ साली ऱ्होडा काल्व्हर्ट या इंग्रज तरुणीशी त्याचा विवाह झाला. त्याच वर्षी त्याच्या नावावर पहिला धूमकेतू जमा झाला. अमेरिकेतून नवा धूमकेतू शोधून काढणाऱ्यास एक धनिक गृहस्थ त्या काळी दोनशे डॉलरचे बक्षीस देत. त्या बक्षिसाच्या भरवशावर या दांपत्याने कर्ज काढून एक लहानसे घर बांधले. कर्जाचा हप्ता भरण्याची वेळ येई आणि घरात पैसा नसे, तेव्हा ऐन वेळी एखादा धूमकेतू धावून येई, असे बर्नार्ड पुढे गमतीने सांगत. लोक त्या घराला धूमकेतूंचे घर म्हणत. या शोधांमुळे १८८३ मध्ये नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्यांना शिष्यवृत्ती देऊन आपल्या लहानशा वेधशाळेचे काम सोपविले. पंचविशी उलटलेला, संसारी मनुष्य वर्गात आपल्याहून लहान मुलांच्या शेजारी बसून गणित आणि पदार्थविज्ञान शिकू लागला. चार वर्षांनी, १८८७ साली, तो शिक्षण पुरे करून बाहेर पडला.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात हॅमिल्टन पर्वतावर लिक वेधशाळा उभी राहत होती. तिची छत्तीस इंची दुर्बीण त्या वेळी भिंगांच्या दुर्बिणींत जगात सर्वांत मोठी होती. बर्नार्ड यांना तेथे जागा मिळाली. परंतु संचालकांशी त्यांचे पटले नाही आणि मोठ्या दुर्बिणीवर नियमित बसावयास मिळण्यासाठी त्यांना चार वर्षे थांबावे लागले. अखेर १८९२ च्या उन्हाळ्यात आठवड्यातील एक रात्र, शुक्रवारची, त्यांच्या वाट्याला आली. ९ सप्टेंबर १८९२ च्या शुक्रवारी रात्री गुरूच्या झळाळीत जवळजवळ बुडालेला एक सूक्ष्म प्रकाशबिंदू त्यांच्या दृष्टीस पडला. तो गुरूचा पाचवा उपग्रह होता. गॅलिलिओने १६१० मध्ये चार उपग्रह पाहिले होते. त्यानंतर दोनशे ब्याऐंशी वर्षांत कोणास पाचवा दिसला नव्हता. तो आता अमॅल्थिया या नावाने ओळखला जातो आणि सुमारे बारा तासांत गुरूभोवती एक फेरी करतो. पुढले सारे उपग्रह छायाचित्रांवरून वा अंतराळयानांच्या साहाय्याने सापडले. दुर्बिणीला डोळा लावून शोधलेला हा शेवटचा.

या शोधाने बर्नार्ड यांची कीर्ती सर्वत्र पसरली. परंतु आमच्या मते त्यांचे खरे जीवितकार्य निराळे होते आणि त्याचा आरंभ तीन वर्षे आधी झाला होता. वेधशाळेने एक जुने भिंग विकत घेतले होते. ते एका छायाचित्रकाराच्या दुकानात माणसांच्या तसबिरी काढण्यासाठी वापरलेले. मोठ्या दुर्बिणीत आकाशाचा चिमूटभर तुकडा दिसतो. या भिंगात मात्र आकाशाचा विस्तीर्ण भाग एकाच वेळी मावत असे. १८८९ मध्ये बर्नार्ड यांनी ते आकाशगंगेकडे वळविले. एका छायाचित्रासाठी तीन-तीन तास काच उघडी ठेवावी लागे. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात. तेव्हा शेजारच्या लहान दुर्बिणीतून एका ताऱ्यावर नजर खिळवून, तो किंचित हलला की यंत्र तितकेच सरकवावयाचे. नॅशव्हिलच्या गच्चीवर नऊ वर्षांच्या मुलाने सूर्याच्या बाबतीत जे केले होते तेच आता रात्रीच्या थंडीत चालले होते. त्या काचांवर आकाशगंगा प्रथमच ढगांसारखी, थरांची, नद्या-ओहोळांची अशी उमटली. आणि त्या प्रकाशात ठायी ठायी उमटली ती काळी भोके, काळ्या चिरा, काळे कालवे.

ही भोके म्हणजे काय? शंभर वर्षांपूर्वी विल्यम हर्शेल या थोर निरीक्षकाने वृश्चिक राशीत असे एक रिकामे स्थान पाहिले होते आणि ते आकाशाला पडलेले छिद्रच असावे असे त्यास वाटले होते. बर्नार्ड यांनीही प्रथम तेच मानिले. जेथे तारे दिसत नाहीत तेथे तारे नाहीत, याहून सरळ अनुमान कोणते? परंतु काचा जसजशा वाढत गेल्या तसतशी त्यांच्या मनात शंका उत्पन्न होऊ लागली. ताऱ्यांची दाटी आपल्यापासून दूरवर, कित्येक हजार प्रकाशवर्षे पसरलेली आहे. तीत आरपार छिद्र दिसावयाचे तर ते एखाद्या लांबच लांब बोगद्यासारखे असले पाहिजे आणि त्या बोगद्याचे तोंड नेमके आपल्या पृथ्वीकडे असले पाहिजे. एक बोगदा असा असेल. शेकडो बोगदे आपल्याकडेच तोंड करून कसे असतील? शिवाय ज्येष्ठा ताऱ्याच्या जवळ, भुजंगधारी समूहात, एका ताऱ्याभोवती त्यांना सुंदर तेजोमेघ आढळला होता. त्या तेजोमेघाची कड हळूहळू मंद होत काळ्या कालव्यात मिसळून गेलेली होती. तेज आणि काळोख एकाच वस्त्राचे दोन पदर असावेत, असे ते छायाचित्र सुचवीत होते.

१८९५ मध्ये बर्नार्ड शिकागो विद्यापीठाच्या यर्क्स वेधशाळेत गेले. तेथील चाळीस इंची दुर्बीण आजही भिंगांच्या दुर्बिणींत सर्वांत मोठी म्हणून प्रसिद्ध आहे. विस्कॉन्सिनमधला हिवाळा मोठा कडक. घुमटाचे दार उघडे ठेवावे लागे आणि पारा शून्याखाली पुष्कळ खाली उतरलेला असे. तरी आकाश स्वच्छ असले की बर्नार्ड हटकून जागेवर असत. कॅथरिन ब्रूस या उदार स्त्रीच्या देणगीतून त्यांना खास छायाचित्रणासाठी दहा इंची भिंगाची दुर्बीण मिळाली. १९०५ साली ती घेऊन ते कॅलिफोर्नियातील विल्सन पर्वतावर गेले, कारण आकाशगंगेचा दक्षिणेकडील भाग तेथून अधिक वर दिसतो. जानेवारीपासून सप्टेंबरपर्यंत त्यांनी तेथे शेकडो छायाचित्रे घेतली.

इतका पुरावा हाती असूनही त्यांनी निर्णयाची घाई केली नाही. छिद्र हा शब्द सोडून मेघ हा शब्द उच्चारावयास त्यांना वीस वर्षांहून अधिक काळ लागला. अखेर त्यांच्या मनाचा तोल ज्या घटनेने झुकला ती अगदी साधी होती. १९१३ च्या उन्हाळ्यात एका निर्मळ, चंद्रहीन रात्री ते धनु राशीकडील आकाशगंगेचे छायाचित्र घेत होते. तेव्हा आपल्या वातावरणातील लहान लहान ढगांचे पुंजके आकाशात तरंगत आले. एरवी असे ढग पांढुरके दिसावयाचे. परंतु आकाशगंगेच्या उजळ पार्श्वभूमीवर ते शाईच्या ठिपक्यांसारखे काळेकुट्ट दिसत होते. बर्नार्ड थक्क होऊन पाहत राहिले. ढग सरकत नसते तर त्यांच्यात आणि आपल्या छायाचित्रांतील काळ्या डागांत काही भेद करता आला नसता, हे त्यांच्या ध्यानी आले. ताऱ्यांपुढे काही आडवे आले म्हणजे असेच दिसते! कोणीही मनुष्य ते ढग पाहून चडफडला असता की, आजचे काम बुडाले. बर्नार्ड यांना त्या अडथळ्यातच उत्तर दिसले.

१९१९ साली त्यांनी एकशे ब्याऐंशी कृष्णमेघांची यादी प्रसिद्ध केली. तीतही त्यांची भाषा सावध आहे. पुष्कळ डाग निश्चितपणे प्रकाश अडविणारे पदार्थ आहेत, पण सगळेच तसे असतील असे नाही, एवढेच ते म्हणतात. दरम्यान १९१६ मध्ये त्यांना भुजंगधारी समूहातच एक अंधुक तारा सापडला होता. तो वर्षाला सुमारे सव्वा दहा विकला इतक्या वेगाने आकाशात सरकतो. इतका वेग दुसऱ्या कोणत्याही ताऱ्याचा नाही. आपल्यापासून सुमारे सहा प्रकाशवर्षांवर असलेल्या या ताऱ्यास आज बर्नार्डचा तारा असेच म्हणतात.

उत्तरायुष्यात मधुमेहाने त्यांना ग्रासले. डॉक्टरांनी काही काळ रात्रीचे जागरण वर्ज्य केले, तेव्हा त्यांना रोगापेक्षा उपचाराचेच दुःख अधिक झाले. १९२१ मध्ये ऱ्होडाबाई निवर्तल्या. त्यांना मूलबाळ नव्हते. ६ फेब्रुवारी १९२३ रोजी बर्नार्ड यांनीही देह ठेवला. आकाशगंगेच्या निवडक छायाचित्रांचा जो महाग्रंथ त्यांनी योजिला होता तो त्यांच्या डोळ्यांदेखत पुरा झाला नाही. छापखान्यातील ठशांवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून ग्रंथाच्या सातशे प्रतींसाठी प्रत्येक चित्राची खरी छायाचित्रेच काढून चिकटवावयाची असे त्यांनी ठरविले होते. अशी एकूण पस्तीस हजार सातशे छायाचित्रे त्यांनी स्वतः एकेक करून तपासली. त्यांच्या पश्चात वेधशाळेचे संचालक एडविन फ्रॉस्ट आणि ऱ्होडाबाईंची भाची मेरी काल्व्हर्ट यांनी १९२७ मध्ये तो ग्रंथ सिद्ध केला.

हे मेघ कशाचे आहेत आणि त्यांच्या आत काय चालले आहे, हे बर्नार्ड यांना कळले नाही. ते काम पुढच्या पिढ्यांनी केले. १९३० मध्ये रॉबर्ट ट्रम्पलर यांनी ताऱ्यांमधल्या पोकळीत धूळ आहे हे सिद्ध केले. १९४७ मध्ये बार्ट बॉक व एडिथ रायली यांनी असे सुचविले की, लहान गोलसर कृष्णमेघ हे ताऱ्यांचे गर्भ असावेत. १९७० मध्ये मृग नक्षत्राच्या दिशेने येणाऱ्या रेडिओ लहरींत कार्बन मोनॉक्साइड वायूची खूण सापडली आणि प्रचंड वायुमेघांचा ठाव लागू लागला. आज आपण जाणतो की हे मेघ मुख्यत्वे हायड्रोजनचे असून त्यांत वजनाने शेकडा एक एवढीच धूळ असते. धुळीचा कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो. तरीही मेघाचा विस्तार इतका अफाट की, तेवढी धूळ मागच्या ताऱ्यांचा प्रकाश गिळून टाकते. मोठ्या मेघांतील द्रव्यातून लाखो सूर्य घडू शकतील.

तारा जन्मास येतो तो कसा, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. धुळीच्या पडद्यामुळे बाहेरच्या ताऱ्यांची ऊब आत पोहोचत नाही आणि मेघाचा गाभा शून्याखाली दोनशे साठ अंशांपर्यंत थंड होतो. वायू तापलेला असला की पसरू पाहतो. इतका थंडावलेला वायू स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाला विरोध करू शकत नाही. त्यात गाठी बनतात, त्या आपल्याच भाराने आकसतात आणि आकसता आकसता तापू लागतात. केंद्राचे तापमान सुमारे एक कोटी अंशांवर गेले की हायड्रोजनचे हेलियम होऊ लागते आणि तारा स्वतःच्या तेजाने तळपू लागतो. सूर्यासारख्या ताऱ्यास या सर्व प्रवासास काही कोटी वर्षे लागतात. नवजात ताऱ्याभोवती फिरत राहिलेल्या वायूच्या व धुळीच्या चकतीतून ग्रह बनतात. साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी आपली पृथ्वी याच रीतीने घडली. तेव्हा प्रकाश देणाऱ्या गोलकाला आधी गारठा आणि अंधार लागतो, हे सृष्टीचे विलक्षण कौतुक आहे.

बर्नार्ड यांच्या यादीतील अडुसष्ट क्रमांकाचा मेघ याचे उत्तम उदाहरण आहे. साध्या छायाचित्रात तो निव्वळ काळे भोक दिसतो. परंतु डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण टिपणाऱ्या उपकरणांनी, २००१ च्या सुमारास, त्याच्या पलीकडचे तारे त्याच्यातून आरपार पाहण्यात आले. तो सुमारे अर्धे प्रकाशवर्ष रुंद असून त्यात दोन सूर्यांइतके द्रव्य आहे. त्यात अद्याप तारा नाही. येत्या काही लाख वर्षांत तो आकसून तेथे तारा उदयास येईल, असा तज्ज्ञांचा कयास आहे. भुजंगधारीतील ज्या तेजोमेघाने बर्नार्ड यांना प्रथम शंकेत पाडले, त्याच परिसराचे चित्र २०२३ च्या जुलैत जेम्स वेब या अंतराळातील दुर्बिणीने घेतले. सुमारे चारशे प्रकाशवर्षांवरच्या त्या धुळीत नुकतेच जन्मलेले कित्येक तारे त्यात स्पष्ट दिसतात.

हे सारे पाहावयास आपणांस परदेशी जावयास नको. ज्येष्ठ महिन्याला ज्या नक्षत्रावरून नाव मिळाले ती तांबूस ज्येष्ठा आपल्या ओळखीची आहे. पाऊस सुरू होण्यापूर्वी, वैशाखातील अमावास्येच्या सुमारास, गावातील दिव्यांपासून दूर अशा एखाद्या माळावर किंवा समुद्रकिनारी मध्यरात्रीनंतर उभे राहावे. आग्नेयेपासून दक्षिणेपर्यंत वृश्चिक व धनु वर आलेल्या असतात आणि त्यांच्यामधून आकाशगंगा वाहत असते. तिच्यात जे काळे खळगे दिसतील त्यांवरून नजर घाईने पुढे नेऊ नये. बर्नार्ड यांच्या जीवनाचा जेवढा भाग आम्हांस कळला त्यावरून आम्हांस असे वाटते की, ज्या ठिकाणी काही दिसत नाही तेथे काही नाही असे म्हणण्यापूर्वी मनुष्याने पुष्कळ थांबावे. बापाविना वाढलेल्या, मेणाच्या फुलांवर जगलेल्या, शाळेबाहेर राहिलेल्या त्या मुलाकडे पाहूनही नॅशव्हिलमधल्या पुष्कळांना तेथे काही नाही असेच वाटले असेल. वर्गातील मागच्या बाकावर न बोलता बसलेल्या मुलाविषयी मत बनविताना आम्हां शिक्षकांनीही हे चरित्र आठवावे.